नेहमीच्या बाईकडचे सोडे

पनवेल,
६ एप्रिल २०२५

प्रिय चंदा,

शाळा सुटल्यावर आपण वडाळे तळ्याच्या काठावर बसायचो, ते तुला आठवतं का? आपण दोघी दहावीत होतो आणि तुझा धाकटा भाऊ सत्यजीत बालवर्गात. डब्यात उरलेल्या पोळीचे तुकडे आपण माशांना टाकायचो. मासे पायाला लागतील म्हणून तो घाबरायचा आणि एका हातात तुझी वेणी, दुसऱ्या हातात माझी, अशा धरून मधे उभा राहायचा. मोठा मासाच सगळं खातो म्हणून एकदा रडला होता. सिस्टरांनी आपल्याला घरी उशिरा जातो म्हणून ओरडा दिला, तेव्हा तू सरळ सांगितलंस, "सिस्टर, भाऊ लहान आहे, हळू चालतो." किती सहज खोटं बोललीस!

निकालाच्या दिवशी कोर्टात मी तुला दिसले आणि तू मला. आपण दोघींनीही मान वळवली. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. खारघर काही लांब नाही, पण फोनवर आपण या विषयावर आलो की पाचव्या वाक्याला चिडतो. लिहिताना निदान मधे तोडता येत नाही.

मी पारूच्या शेजारी बसले होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाडीत मी बायकांना लिहा-वाचायला शिकवायला जायचे, तेव्हापासूनची ओळख. तिचा नवरा अनंता बांधकामावर मजूर होता. तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं आणि तिथून त्याचं प्रेत आलं. पारू भाकरी घेऊन ठाण्याच्या मागच्या खिडकीशी उभी होती. आत ठाण्याचा कोणता साहेब होता ते तिने पाहिलं आणि इतकी वर्षं उलटतपासण्या झाल्या तरी तेच सांगत राहिली. तिला त्या बाकावर एकटीला बसवणं मला जमलं नसतं.

सत्यजीतला दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा बाहेर लोकांनी घोषणा दिल्या. मी दिल्या नाहीत. मला ती वेणी ओढली गेल्यासारखं वाटलं.

तू कशी आहेस? खरं लिही.

तुझी,
कुमुद


खारघर,
१४ एप्रिल

प्रिय कुमुद,

तुझं पत्र राजसच्या हातात पडलं. पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाला, "आत्या, कॉन्व्हेंटचं अक्षर. शत्रुपक्ष का?" मी म्हटलं, "शत्रुपक्षच. चहा टाक." बाप तुरुंगात गेल्यापासून पोरगा पहिल्यांदा हसला, त्याबद्दल तुझे आभार.

खरं लिही म्हणतेस, तर लिहिते. वहिनी उठत नाही. लिफ्टमध्ये शेजारी माझ्याकडे बघायचं टाळून मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'न्याय झाला' म्हणून फुलं टाकली आणि मग मी त्या ग्रुपवर आहे हे आठवून काढून टाकली.

आई गेली तेव्हा सत्यजीत आठ वर्षांचा होता. त्याला मी वाढवला. त्याने माणूस मारला, हे माझ्या गळी उतरत नाही. त्या ठाण्यात वरून फोन यायचे, खाली शिपाई हात चालवायचे, आणि कागदावर नाव मधल्याचं. आता म्हणे सुधारणा होणार. एक अधिकारी आत टाकला आणि बाकीचे निवांत झाले, ही सुधारणा.

अपील दाखल केलंय. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवावी, असाही अर्ज आहे. त्याची सुनावणी जुलैत.

एक मागते. मला पारूला भेटायचंय. वकील नको, पोलीस नको. तिच्यासमोर बसून विचारायचंय की तिने नक्की काय पाहिलं. ती वाडीत नाही असं कळलं. कुठे असते हल्ली?

तुझी,
चंद्रावती


पनवेल,
११ मे

प्रिय चंदा,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र काढून वाचत होते आणि दर वेळी एकाच वाक्याशी अडत होते. 'ती वाडीत नाही असं कळलं.' कुणाकडून कळलं, चंदा?

रागावू नकोस. पण तुला माहीत असावं म्हणून सांगते. पारूची वकील अनुया, तिने कोर्टाकडून पारूसाठी संरक्षण मिळवलंय. पत्ता बंद पाकिटात, एका वरिष्ठ अधिकाऱ्यापुरता. राखणीला जो शिपाई दिलाय तो मुद्दाम लांबचा, साताऱ्याकडचा. प्रितम नाव. त्याचा इथल्या ठाण्याशी संबंध नाही म्हणतात. मला तो आवडत नाही. फोन सारखा कानाला, आणि माझ्याशी गोड बोलतो, "मॅडम, परत कधी येणार? कुठल्या गाडीने येणार?" त्याला काय करायचंय?

पारू तर मला म्हणाली, "बाई, पोलिसानी माझा मानूस मारला, आन आता पोलीसच दाराशी राखनीला. मी पाठ कुनाकडं करायची?"

निकालानंतर त्या ठाण्यात नागरिकांची समिती नेमलीय आणि माझं नाव त्यात घातलंय. गेल्या आठवड्यात पहिली बैठक झाली. नवे साहेब फार नम्र. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ठाण्यातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं. एकच चौकट काळी.

"ही कुठली खोली?" मी विचारलं.

"मॅडम, समोसा घ्या ना."

"घेते. खोली कुठली?"

"ती... चौकशीची. कॅमेरा दुरुस्तीला दिलाय."

"कधी दिलाय?"

"आधीच्या साहेबांच्या वेळी."

सगळे हसले. समितीतले व्यापारी, डॉक्टर, सगळे. हसले आणि समोसे संपवले. मला तुझा सत्यजीत आठवला, पण कुठला सत्यजीत, ते मलाच कळेना.

तर पारूचं विचारू नकोस. ती कुठे आहे ते मलाही पुरतं ठाऊक नाही.

सोबत सोडे पाठवतेय. मे महिना आला की आईच्या वेळेपासून तुमच्याकडे आमच्याकडचे सोडे जातात, ते या वर्षी कोर्टापायी चुकायला नकोत. यंदाही मार्केटमधल्या नेहमीच्या बाईकडचेच घेतलेत. कोळंबी चांगली वाळलीय, तरी दोन उन्हं दाखव आणि मग बरणीत भर. वहिनीला म्हणावं, खिचडी कर आणि उठ.

तुझी,
कुमुद


खारघर,
१९ मे

प्रिय कुमुद,

सोडे पोचले. चांगले आहेत. पुढच्या वर्षीपासून पाठवू नकोस.

एक सुचवते. पारू जिथे असेल तिथून तिला काही दिवस हलवता आलं तर हलव. एकाच जागी माणूस फार दिवस राहू नये. कारण विचारू नकोस. मला आपलं वाटलं.

पत्ता मला कळवू नकोस.

चंद्रावती


पनवेल,
२ जून

चंदा,

'प्रिय' लिहिलं नाही. हात पुढे गेला नाही.

आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून सांगते. पारू करंज्याला होती. माझ्या बँकेतल्या एका जुन्या मैत्रिणीचं माहेर तिथे आहे, त्यांच्याकडे. बंदरावर बायका कोळंबी सोलायला बसतात, त्यांच्यात जाऊन बसायची. तिथे तिला कुणी नाव विचारलं नाही. हात चालतोय की नाही एवढंच बघतात. ती पहिल्यांदा मोकळं हसलेली मी तिथे पाहिली, कोळंबीच्या टरफलांनी हात चमकत होते आणि शेजारची कोळीण तिला म्हणत होती, "अगो, कोलबी सोलतेस का जानवं घालतेस तिला?"

गेल्या गुरुवारी भरदुपारी तिथे दोघे आले. प्रितम कोपऱ्यावर चहाला गेला होता. नेमका तेव्हा. एक वयस्कर माणूस, हातात स्टँपपेपर. दुसरा तरुण, उंच, चष्म्याचा. तो तिला 'मावशी' म्हणाला. पारूने मला सांगितलं, "नाक बापाचं हाय. मी वळखलं."

तो तुझा राजस होता, चंदा.

त्यांनी तिच्या मनिषाच्या हॉस्टेलचं नाव घेतलं. पोरगी नववीत आहे. कुठल्या मजल्यावर राहते तेही सांगितलं. पारूने सही केली. कागदावर लिहिलंय की बाहेरच्या लोकांनी तिला पढवलं, साहेबांना तिने खिडकीतून पाहिलंच नव्हतं. जुलैच्या अर्जाला तो कागद जोडलाय.

अनुया म्हणते, पारूने कोर्टात येऊन सांगावं की सही धाकाने घेतली. पारू म्हणते, "मी दोनदा सांगितलं. दोनी येळेला घर सोडाया लागलं. आता मी कुठंच काय सांगनार नाय." मी तिला पुढे काय म्हणू? मनिषाची हमी मी देऊ शकते का?

प्रितमविरुद्ध मी लेखी तक्रार दिली. त्याला त्याच दिवशी निलंबित केलं, चौकशी लागली. त्यानेच मला फोन करून घडलेलं कळवलं, हे खरं. पण आपल्यावर येऊ नये म्हणूनही माणूस असा फोन करतो. जाताना म्हणाला, "मॅडम, मी फक्त चहाला गेलो हो." ते सगळे असंच काहीतरी म्हणतात.

तू लिहिलं होतंस, पारूला हलव. तेव्हाच मी ओळखलं होतं. हलवताना ती कुणाच्या तरी नजरेला पडावी, म्हणून ते सुचवणं. म्हणूनच मी तिला हलवलं नाही.

आता माझ्यासाठी एकच कर. राजसच्या फोनमध्ये प्रितमचा नंबर आहे का, ते बघ.

कुमुद


पनवेल,
१२ जून

चंदा,

दहा दिवस झाले. पोस्टमन खाली दिसला की मी जिन्यात येते.

तू गप्प आहेस म्हणजे नंबर सापडलाय, असं मी धरून चालू का? की तो तिथे आहे हे तुला आधीपासूनच माहीत होतं?

कुमुद


खारघर,
२४ जून

प्रिय कुमुद,

मी 'प्रिय' लिहिते आहे. तुला नको असेल तर खोड.

राजसचा फोन मी पाहिला नाही. गरज नव्हती. प्रितम नावाच्या माणसाला या घरात कुणी ओळखत नाही. राजसला करंजा मी सांगितलं.

तुझे सोडे आले त्या दिवशी वहिनी खरंच उठली. खिचडी केली. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, कितीतरी दिवसांनी. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "हे मार्केटमधले नव्हेत."

राजस म्हणाला, "आत्याची परीक्षा सुरू."

"अरे, अख्खे आहेत बघ, एकही तुटलेला नाही. खारट कमी. ताजी कोळंबी तिथल्या तिथे सोलून वाळवलेली. असे बंदरावर मिळतात. आई करंज्याहून आणायची, अगदी तसेच. कुमुद तर लिहिते नेहमीच्या बाईकडचे. ती करंज्याला कशाला गेली असेल? आणि गेली तर लपवते कशाला?"

माझं मलाच कौतुक वाटत होतं, कुमुद. आपल्याकडच्या बायकांना सोड्यांवर बोलायला मिळालं की आणखी काय हवं? मी मोठ्याने विचार करत होते आणि पानात तूप वाढून घेत होते. राजसचा घास हातात थांबला होता. तो बघून मला उत्तर मिळालं, पण त्याला ते माझ्या आधी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही. दार लावून वकिलाशी बोलत बसला. दोन-चार दिवस मी घरात नुसती फिरत होते. मग तुला ते पत्र लिहिलं. 'राजसला कळलंय, आजच्या आज हलव' असं लिहायला हवं होतं. पण लिहिताना तो मला बालवर्गातला दिसायचा, राजस नव्हे, त्याचा बाप. म्हणून अर्धं लिहिलं आणि अर्धं घरासाठी ठेवून घेतलं. तू मला खोटं लिहिलंस आणि मी तुला अर्धं. त्या दोन्हींच्या मधे पारू बसली होती, कोळंबी सोलत.

तुझं दोन तारखेचं पत्र आल्यावर मी राजसला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, मी धमकावलं नाही कुणाला. मुलीचं हॉस्टेल चांगलं आहे, एवढंच म्हणालो." हे म्हणताना तो माझ्यासाठी गोळ्यांचा डबा भरत होता, सकाळच्या सकाळी, रात्रीच्या रात्री. असं मायेने करतो तो सगळं.

मग मी तुरुंगात सत्यजीतच्या मुलाखतीला गेले. मधे काच, हातात फोन. बारीक झालाय. घरचं विचारलं, वहिनीचं विचारलं. मी म्हटलं, "बाळा, एकच सांग. त्या खोलीत तू होतास का?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ताई, अपील चालू आहे."

मी त्याला वाढवलंय. नसता, तर तो 'नाही' म्हणाला असता.

परत येताना रिक्षात मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही तुझाच आधी आला. तू प्रितमची नोकरी घालवायला निघालीस, कारण तो पोलीस होता आणि फोनवर गोड बोलत होता. त्याला तू विचारलंस का, मॅडम कुठल्या गाडीने येणार हे तो का विचारतो? तुझ्या मागोमाग कुणी येतं का ते बघणं त्याचं कामच नव्हतं का? तुझ्या त्या समितीत एक चौकट काळी होती, ती तुला दिसली. ही तुझ्या मनातली दिसली नाही. मलाही माझ्या घरातली दिसली नव्हती, म्हणून जास्त बोलत नाही.

पारूने आता आणखी बोलू नये. तिचं बोलून झालंय. राहिलं ते मी बोलणार आहे. सोड्यांपासून हॉस्टेलपर्यंत, राजसच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंय. नोटरीने विचारलं, "आजी, समोरच्या पक्षाशी नातं काय?" मी म्हटलं, "आत्या आणि बहीण." त्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मग शिक्का मारला.

घरात काल सांगितलं. वहिनी म्हणाली, "ताई, आमचं मीठ खाऊन?" मी म्हटलं, "माझं पेन्शन पण याच घरात शिजलंय गं." ते बोलायला नको होतं. राजसने ताट नेहमीसारखं उचलून ठेवलं. रात्रीच्या गोळ्या मात्र आज डब्यात भरलेल्या नव्हत्या. उद्या सकाळी मी ठाणे शहरात जाते, मामेबहिणीकडे, कायमची. पत्ता मागे लिहिलाय.

मला तुझ्यावर पुन्हा पहिल्यासारखा विश्वास टाकता येईल का, ठाऊक नाही. तुझंही तसंच असेल. म्हणून सोबतचं प्रतिज्ञापत्राचं पाकीट चिकटवलेलं नाही. सगळं काढून वाच, शब्दन् शब्द ताडून बघ, मग पुढे पाठव.

मूळ प्रतिज्ञापत्र अनुयाला. सुनावणीला मी स्वतः उभी राहीन. तिला म्हणावं, तारीख मला कळव, आणण्याची सोय करू नकोस.

एक प्रत प्रितमच्या चौकशी अधिकाऱ्याला. ही पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा आणि पोच घे. तुझी तक्रार मागे घेण्याचा अर्ज त्याला जोड. तो कसा लिहायचा ते मी सांगणार नाही.

एक प्रत प्रितमलाही दे. त्याच्या हातात. तेव्हा काय बोलायचं ते तुझं तू ठरव.

सत्यजीतची प्रत मी पुढच्या मुलाखतीला घेऊन जाईन. ती दुसऱ्या कुणाच्या हाताने जाता कामा नये.

आईच्या पाटल्या वहिनीच्या उशाशी ठेवल्या आहेत. सून म्हणून त्या तिच्याच होत्या. माझ्या दाराची किल्ली राजसच्या टेबलावर.

मनिषाचं हॉस्टेल बदला. कुठलं घेतलं ते अनुयालाही बंद पाकिटातच कळू दे. मला मुळीच नको.

पारूला माझ्याकडून काही देऊ नकोस. साडी नको, खाऊ नको. मी क्षमा मागितली असंही सांगू नकोस, तिला त्यावर 'बरं' म्हणावं लागेल. ती कुठे आहे ते मला कधीही लिहू नकोस, मी विचारलं तरी.

माझा नवा पत्ता मात्र तिला दे. मोठ्या अक्षरात लिहून दे, तिला वाचता येतं. तिला जाब विचारायचा असेल, शिव्या द्यायच्या असतील, किंवा त्याला वाढवणारी बाई दिसते कशी एवढंच बघायचं असेल, तर तिने तिला हवं तेव्हा यावं. दार मीच उघडीन.

तुझी,
चंदा